चौदा महिन्यांचा पत्ता

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तू काय करत होतीस?" शाळेत लिहून न्यायचं होतं. मी म्हटलं, "रेशनच्या रांगेत उभी राहत होते, आणि दिवे बाहेर दिसू नयेत म्हणून खिडक्यांना काळे कागद चिकटवत होते." तुम्ही "बरं" म्हणून फोन ठेवलात. तुमची निराशा मला इथे ठाण्यात बसून कळली. पण माझ्याजवळ खरोखरच तेवढंच आहे. लढाईत काम केलेली एकच बाई मी जवळून पाहिली, आणि तिने ते चारचौघांत कधी सांगितलं नाही. तुमच्या शाळेला हे चालणार नाही, तरी लिहिते.

त्यांचं नाव लिहिणार नाही. आम्ही त्यांना ताई म्हणायचो, तेवढं पुरे. आपल्याविषयी कोणी कागदावर काही उतरवलेलं त्यांना खपत नसे.

तुमचे आजोबा गेल्यावर, पन्नास सालानंतर लगेचच, मला ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. बी. ए.ला इंग्रजी होतं म्हणून लागली. तेव्हा फोन आपोआप लागत नसत. माणसाने फोन उचलला की आमच्या समोरच्या बोर्डावर छोटा दिवा लागे, आम्ही "नंबर प्लीज" म्हणायचो आणि वायर उचलून दुसऱ्या भोकात खोचायचो. आम्ही सहा-सात बायका एका लांब बाकावर ओळीने बसायचो, आणि ओळीच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, ताई. तिशीच्या असतील. उंच, सडपातळ. केस इतके विरळ की अंबाड्यात केसांपेक्षा आकडे जास्त. मनगटावर पुरुषी घड्याळ, त्याची तबकडी आतल्या बाजूला.

पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "आपण कुठे राहता?"

"इथेच."

"इथे म्हणजे कोपरीत, की नौपाड्यात?"

"इथेच," त्या म्हणाल्या, आणि बोर्डाकडे वळल्या. पुढे सहा महिन्यांनी मला कळलं की त्या माझ्या घरामागच्या गल्लीत राहत होत्या.

ही त्यांची रीत होती. कुठे निघालात म्हटलं तर "इकडेच". कुठून आलात तर "तिकडून". भाजी कितीला आणलीत या प्रश्नालाही त्या क्षणभर थांबून, हे सांगायला हरकत नाही ना, असा विचार करून उत्तर देत. संध्याकाळी निघण्यापूर्वी त्या दिवसभराच्या चिठ्ठ्या फाडत. उभ्या फाडायच्या, मग आडव्या, मग तुकडे तळहातावर घेऊन मोजायचे. एखादा कमी भरला तर बाकाखाली वाकून शोधायच्या. आम्ही पाय वर घेऊन बसायचो. एकदा आमच्यातली एक म्हणाली, "ताई, त्या चिठ्ठीवर 'दोन आण्यांची कोथिंबीर' एवढंच लिहिलं होतं हो."

"म्हणून काय झालं? आज कोथिंबीर, उद्या दुसरं काही. हाताला सवय हवी."

वाण्याची यादीसुद्धा त्या विचित्र लिहीत. शब्द सलग लिहायचेच नाहीत. पाच अक्षरं, मग जागा, पुन्हा पाच अक्षरं. वाणी यादी उलटीपालटी करून बघायचा आणि म्हणायचा, "ताई, तुम्ही तोंडानेच सांगा."

त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. नवी मुलगी आली की तिला बोर्ड शिकवण्याआधी त्या ते ऐकवत. "इथे कानाची आणि तोंडाची ओळख करून द्यायची नाही. दोघं शेजारी राहतात, पण बोलणं नाही." एका मुलीने एकदा चहाच्या वेळी, लाइनवर ऐकलेली कोणाच्या तरी मोडलेल्या लग्नाची हकिगत रंगवून सांगायला घेतली. ताईंनी कप खाली ठेवला. त्या मुलीच्या हातून बशी घेतली, विसळून पालथी घातली, आणि आठवडाभर तिच्याशी शब्द बोलल्या नाहीत.

भातगिरणीचे एक शेठ होते. त्यांना आपल्या प्रतिस्पर्ध्याचे भिवंडीचे ट्रंक कॉल कोणाला जातात ते हवं होतं. पेढ्यांचा पुडा घेऊन एक्स्चेंजच्या दारात आले.

"बाई, नाव नको. नुसतं हो की नाही सांगा."

"मी बोर्डावर असते तेव्हा बहिरी असते."

"बहिऱ्या माणसाला नंबर कसा लागतो?"

"बोटांनी," ताई म्हणाल्या. "पेढे घेऊन जा. मुंग्या येतील."

आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना त्यात विनोद दिसलाच नव्हता.

तीन वर्षं अशी गेली. मला त्या आवडायच्या. मी स्वतः टापटिपीची बाई, आणि दिलेलं काम दिल्यासारखं करणारं माणूस मला नेहमीच आवडतं. मग एका शनिवारी त्यांनी मला विचारलं, "उद्या मोकळ्या आहात का? कल्याणला आई असते. पडली आहे. मला एकटीला जायचं नाही." एवढी माहिती त्यांनी एका दमात कधी दिली नव्हती. तुमची आई तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. तिला शेजारी ठेवून मी गेले.

घर पारनाक्याजवळ. बाहेरची ओटी, आत माजघर. ओटीवरच्या पलंगावर आई, पाय उशीवर. भाऊ घरात होते, त्यांनी मला नमस्कार केला आणि बहिणीकडे न बघता आत गेले. आम्हाला ओटीवरच चहा मिळाला. ताई आत गेल्या नाहीत आणि कोणी त्यांना बोलावलंही नाही. ती तिथली नेहमीची व्यवस्था असावी.

आईंनी मला नीट न्याहाळलं. "तुम्ही हिच्या मैत्रीण का? बरं झालं. हिला मैत्रीण आहे हेच मला माहीत नव्हतं. मग तुम्हाला तरी सांगितलंय का हिने, लढाईत कुठे होती ती?"

"नाही," मी म्हटलं.

"बघा." मग त्या लेकीकडे वळल्या, आणि जेवलीस का विचारावं तशा आवाजात म्हणाल्या, "कुठे होतीस गं?"

"सांगता येत नाही, आई."

"बरं. चहा घे, निवतोय."

परतताना कल्याण स्टेशनच्या बाकावर बसलो असता मी न विचारता त्या बोलल्या, जागा आणि काम सोडून. लढाईत सरकारने बायकांचं एक पथक उभारलं होतं. वडिलांनी पुष्कळ विरोध केला, पण घरात पैशांची ओढ होती आणि ह्या मॅट्रिक झालेल्या. पुण्याला टेलिफोनवर काम आहे असं सांगून गेल्या, आणि सहा महिने ते खरंही होतं. मग एक दिवस त्यांना वेगळ्या खोलीत नेलं, गीतेवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, आणि दुसरीकडे हलवलं. कुठे ते घरी कळवायचं नाही. पत्रावर नुसता लष्कराचा नंबर. चौदा महिने.

"त्यातच बाबा आजारी पडले," त्या म्हणाल्या. "दादा मला न्यायला पुण्याला गेला. तिथे त्याला सांगितलं, अशी कोणी मुलगी इथे नाही. बाबा गेले. मी परत आले तेव्हा मला नुकताच टायफॉइड होऊन गेला होता. डोक्यावर केस नव्हते, अंगावर मांस नव्हतं. चौदा महिने बेपत्ता मुलगी अशी परत आली की लोक काय समजतात ते तुम्हाला सांगायला नको."

मला कळलं. लष्करात गेलेली, पत्ता नसलेली, वाळून परत आलेली अविवाहित मुलगी. त्या चौदा महिन्यांत लोकांनी आपापल्या मनाने एक मूल घालून टाकलं होतं. ठरलेलं लग्न मोडलं, आणि भावाने घराचं दार ओटीपर्यंत आणून ठेवलं.

"पण आता सांगा की त्यांना! लढाई संपून आठ वर्षं झाली. ज्यांच्यापुढे शपथ घेतलीत ते बोटीत बसून निघून गेले."

"ते गेले," ताई म्हणाल्या. "मी गेले नाही ना. 'मरेपर्यंत' असा शब्द होता. आणि सोडवलं कोणी नाही."

मुलांनो, इथे मी एक चूक केली. मला वाटलं, हा नियमाचा प्रश्न आहे आणि नियमाचे प्रश्न अर्ज केल्याने सुटतात. मी म्हटलं, "मग आपण सोडवून घेऊ. परवानगी मागणं म्हणजे काही शपथ मोडणं नव्हे." यावर त्यांनी आठवडाभर विचार केला आणि होकार दिला. मी दिल्लीच्या संरक्षण खात्याला उद्देशून इंग्रजीत तीन मसुदे केले. तिसरा मला स्वतःला फार आवडला होता. त्यांनी सही केली. वळण सुरेख होतं.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. दोन ओळी. सदर तुकडी विसर्जित झालेली असल्याने अर्जदाराने आपल्या तेथील नेमणुकीविषयी कुटुंबीयांना सांगण्यास या कार्यालयाची हरकत नाही. ताईंनी तो कागद तीनदा वाचला, उजेडाकडे धरला.

"सही कोणाची?"

"अंडर सेक्रेटरीची."

"पुरे." मग म्हणाल्या, "तुमच्या पर्समध्ये ठेवा. माझ्या हाताला कागद फाडायची सवय आहे."

त्याच रविवारी आम्ही गेलो. ताईंनी नवी साडी नेसली होती, किरमिजी काठांची. आई पलंगावर उठून बसल्या होत्या, कापसाच्या वाती वळत होत्या. भाऊ माजघराच्या दारात वर्तमानपत्र वाचत होते. आम्ही टेकतो न टेकतो तोच, कुठे होतीस हा नेहमीचा प्रश्न येण्याऐवजी आईंनी कापूस बाजूला ठेवला आणि लेकीचा हात धरला.

"आज मी बोलते, तू ऐक. मी आता फार दिवसांची नाही. झालं ते झालं. लढाईचे दिवस होते, तू पोर होतीस. मला राग नाही. बाबांना होता, तो त्यांच्याबरोबर गेला. मला एवढंच सांग, मूल कुठंय?"

ताई गोंधळल्या. "आई, मूल नाही. मूल कधीच नव्हतं. मी आज तेच सांगायला आलेय. आता मला परवानगी आहे."

"कोणाची परवानगी?"

"सरकारची. आई, मी इथेच होते. विठ्ठलवाडीच्या पलीकडे, कँपात."

ही जागा आईंच्या ओटीपासून तीन मैल. आज तिथे उल्हासनगर आहे, तेव्हा लष्कराच्या बराकी होत्या. मलाही हे तेव्हाच कळलं. मी ताईंकडे बघतच राहिले.

"कुठल्या कँपात?" आईंनी विचारलं. "आपल्या? कल्याणच्या?"

"हो. तारांचं कुंपण होतं. बाहेर सोडत नसत. एकदा ट्रकमधून स्टेशनाकडे नेलं तेव्हा बाजारात तू दिसलीस. तू वांगी घेत होतीस. मी डोकं आत घेतलं."

आई हळू आवाजात म्हणाल्या, "बाबा गेले तेव्हा?"

"तेव्हाही तिथेच. त्यांच्या आजाराचं तुझं पत्र नंबरावर पाठवलेलं, ते कुठून कुठून फिरून दीड महिन्याने माझ्या हातात आलं, तेव्हा बाबा अजून होते. मग रजा मागितली, दिली नाही."

"दोन दिवस ते दाराकडे बघत होते," आई म्हणाल्या. "दादाने सगळं पुणं पालथं घातलं. आणि तू तीन मैलांवर?" त्यांनी लेकीचा हात सोडला नव्हता, पण तो आता धरल्यासारखा दिसत नव्हता. "नाही गं. हे नको सांगूस. मूल झालं असेल, तोंड दाखवायची लाज वाटली असेल, म्हणून आली नाहीस, हे मला समजतं. मीही बाई आहे. पण धडधाकट असून तीन मैलांवरून आली नाहीस, हे मी कसं समजून घेऊ? इतकी कठोर तू नाहीस. माझी मुलगी नाही तशी."

मी पर्स उघडली. कागद वरच होता. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही, अशी.

माजघराच्या दारात वर्तमानपत्र खाली आलं होतं.

"आई," ताई म्हणाल्या, "मुलगी झाली होती."

मी त्यांना दहा आण्यांचाही हिशेब चुकीचा सांगताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा आवाज अगदी बोर्डावरच्यासारखा होता, सपाट, स्पष्ट.

आईंचा चेहरा सैल पडला. "मला वाटलंच होतं. कुठंय ती?"

"चांगल्या घरी आहे. त्यांना मूल नव्हतं."

"कोणासारखी दिसते?"

"तुझ्यासारखी. नाक तुझं."

"अरे देवा," आई म्हणाल्या, आणि रडू लागल्या. मग पदराने डोळे पुसून एकदम खणखणीत आवाजात आत हाक मारली, "अरे, ही आज जेवून जाईल. पान मांड हिचं."

भाऊ उठले आणि चपला घालून बाहेर निघून गेले. जाताना बहिणीला म्हणाले, "शेवटी वदलीस." एवढंच.

स्टेशनवर मी त्यांना म्हटलं, "मी परत जाते. भावाला कागद दाखवते. त्यांना तरी खरं कळू दे."

"दादाला कळलं की आईला कळणार. दादाच्या पोटात राहत नाही." मग म्हणाल्या, "बाबांच्या बाबतीत तिचं म्हणणं बरोबरच आहे. कुंपण काही फार उंच नव्हतं."

"पण तिथे काम तरी काय होतं इतकं?"

"आकडे. पाच पाच आकड्यांचे गट यायचे, ते दुसऱ्या आकड्यांत बदलून पुढे द्यायचे. दिवसभर."

"कशाचे आकडे?"

"ते आम्हाला कुठे माहीत होतं?" ताई म्हणाल्या.

त्यानंतर आई चार वर्षं होत्या. आता दर रविवारी प्रश्न निराळा असे. नात कितवीत गेली, गोवर येऊन गेला का, गणित येतं का. ताईंना उत्तरं द्यावी लागत, आणि बनवून सांगण्याची त्यांना सवय नव्हती. मग शनिवारी त्या मला विचारत, "तुमची मुलगी आता काय करते?" मी तुमच्या आईविषयी सांगायची, त्या मन लावून ऐकायच्या. शाळेत नाटकात तिने राजाचं काम केलं, सायकलवरून पडून कोपर फुटलं, कारल्याची भाजी ताटाखाली लपवली. रविवारी ते सगळं पारनाक्याला पोचायचं. आई परकर-पोलकी शिवून पाठवू लागल्या. मापाला म्हणून ताई दोरी घेऊन यायच्या आणि तुमच्या आईच्या खांद्यापासून घोट्यापर्यंत धरायच्या. कपडे तुमच्या आईनेच वापरले. घरात फुकट कपडे येतात याचं तिला नवल वाटे. मी सांगायची, ताईंच्या आईला शिवणाची हौस आहे.

हे बरोबर नव्हतं, मला माहीत होतं. पण सुरुवात माझ्या अर्जाने झाली होती, मग मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? शेवटच्या वर्षी आईंनी नातीचा फोटो मागितला. ताई दोन शनिवार काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या शनिवारी बोलल्या. मी तुमच्या आईचा स्टुडिओत काढलेला एक फोटो दिला, दोन वेण्यांचा. आईंनी तो उशीखाली ठेवला.

भाऊ मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. ज्याचा त्यांना इतकी वर्षं संशय होता, ते त्यांनी बहिणीच्या तोंडून ऐकलं होतं. आई होत्या तोवर ताईंना आत पान मिळत राहिलं.

आई गेल्या त्या आठवड्यात ताई रजेवर होत्या. तेराव्यानंतर एका दुपारी त्या माझ्या घरी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मापाचं काम नसताना. मी कपाटातून तो सरकारी कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, "आता तरी भावाला दाखवा. आता कोणाला धक्का बसायचा नाही."

"नको. आईने चार वर्षं जिचे लाड केले ती नव्हतीच, हे तिच्यामागे आता कोणाला कशाला सांगायचं?" त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग बसल्या जागी हात जोडले. मी घाबरलेच.

"मी तुमची माफी मागायला आलेय," त्या म्हणाल्या. "फोटो परत आणायला गेले होते. दादा म्हणाला, आईच्या हातात दिला होता, तिच्याबरोबर गेला. चितेवर. त्याला काय माहीत, त्याने चांगल्या मनाने केलं. पण तुमची एकुलती एक मुलगी, जिवंत, हसतीखेळती. तिचा फोटो मी चितेवर..." आणि मग ताई रडल्या. मी त्यांना तेवढं एकदाच रडताना पाहिलं.

माझ्या काळजात चर्र झालं, हे खोटं सांगणार नाही. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टी मानत नाही, तरी झालं. तुमची आई मागच्या अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती, दोरीचा आवाज आत येत होता. मी उठून ताईंना पाणी दिलं.

"यात माफी कसली, ताई," मी म्हटलं. "नातीचा फोटो आजीजवळ असायचाच."